तारखा लावणारे दीक्षित

वरठीच्या स्टेशनावर, म्हणजे रेल्वेच्या भाषेतल्या भंडारा रोडवर, दुर्ग-रायपूरकडची मंडळी गाडीतून उतरतात. त्यांची महाशिवरात्र फाल्गुन वदी चतुर्दशीला असते, आपली माघ वद्य चतुर्दशीला. उपवास मात्र एकाच दिवशी! त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे जुन्या कागदावर नुसते फाल्गुन वद्य लिहिलेले असेल आणि लिहिणारा कुठला हे ठाऊक नसेल, तर तारीख महिनाभर मागेपुढे सरकते. माझी उमेदीची वर्षे बँकेत तारणाचे कागद तपासण्यात गेली. गहाणखत आधीचे की खरेदीखत आधीचे, एवढ्यावरून एखाद्याचे शेत राहते किंवा जाते.

हा गुंता सोडवण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३चा, कोकणातल्या मुरूडचा. पेशा शिक्षकाचा. वेधशाळा नाही, मदतनीस नाही. शाळा सुटल्यावर ग्रंथ आणि गणित, एवढेच भांडवल.

ताम्रपटावर संवत्, महिना, तिथी आणि वार असतो. पण तो संवत् केव्हा सुरू झाला? वर्ष चालू धरले की सरलेले? दीक्षित तिथीचे गणित करून वार काढीत. कोरलेला वार जुळला तर तारीख पक्की. जुळला नाही तर संशयाला जागा. गुप्तांचा शक केव्हाचा, यावर विद्वानांत मोठा वाद होता. फ्लीटसाहेबांसाठी दीक्षितांनी गणिते केली. मध्य प्रदेशातील एरणच्या स्तंभावर गुप्तवर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे आहे. गणिताने दिवस निघाला २१ जून ४८४, आणि वारही गुरुवारच! गुप्तकाळाची सुरुवात इ. स. ३१९-२० ही, त्याला भक्कम आधार मिळाला.

१८९६ साली रॉबर्ट सेवेल यांच्यासह त्यांनी इंग्रजीत कोष्टके प्रसिद्ध केली. इ. स. ३०० ते १९०० मधली हिंदू किंवा हिजरी तारीख त्यांवरून इंग्रजीत आणता येते. त्याच वर्षी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास छापून निघाला, तोही मराठीत. पुढे त्याची हिंदी-इंग्रजी भाषांतरे झाली.

एका बाबतीत मात्र लोकांनी त्यांचे ऐकले नाही. सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास उत्तरेकडे वळतो आणि आपण संक्रांत जानेवारीत करतो. पंचांग ऋतूंशी जुळावे म्हणून विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह त्यांनी सायन पंचांगाचा आग्रह धरला. पण सण हलवायला कोणते घर तयार होणार? तिळगूळ जानेवारीतच राहिला. १८९८ साली, जेमतेम पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य जगून दीक्षित गेले.

पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. ते सायन आहे. त्याचा चैत्र वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी लागतो. या पंचांगाची तारीख घातलेला चेक बँकेने स्वीकारावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या साऱ्या नोकरीत तसा चेक घेऊन काउंटरवर कोणी आले नाही. सायन तारीख सरकारने घेतली, घराने नाही. पण जुना ताम्रपट हाती आला की अभ्यासक आजही दीक्षितांचीच कोष्टके उघडतात.