गोडाच्या कमाईवर दातांचं कॉलेज

आमच्या जालना तालुक्यातल्या एका शाळेत महिला मंडळातर्फे मुलांच्या दातांची तपासणी ठेवली होती. डॉक्टरीणबाई एकेका मुलाच्या दाढेवरचा काळा ठिपका दाखवत होत्या आणि आया एकच उत्तर देत होत्या, दुधाचेच दात आहेत, पडतील की! खरं सांगायचं तर माझ्या मुलांच्या वेळी मीही असंच म्हटलं होतं. ठिपका एवढासा असतो, दुखत नाही, म्हणून आपण जात नाही. दुखायला लागेपर्यंत कीड नसेपर्यंत पोचलेली असते. मग रूट कॅनॉल करा, नाहीतर दाढ काढा.

त्या दिवशी बाईंच्या तोंडून एक नाव ऐकलं, डॉ. रफीउद्दीन अहमद. आपल्या देशातलं दातांचं पहिलं कॉलेज त्यांनी काढलं.

त्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० चा, ढाक्याकडचा. अलिगढला शिकून १९०९ साली ते अमेरिकेला गेले. आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली. पुढे बोस्टनच्या फोर्सिथ दवाखान्यात काम केलं. हा दवाखाना खास लहान मुलांच्या दातांसाठी काढलेला. किडलेला दात वाचवायचा असतो आणि त्याची सुरुवात लहानपणीच करायची असते, हे जिथे रोजचं काम होतं, तिथे त्यांची उमेदीची वर्षं गेली.

१९१९ साली ते कलकत्त्याला परतले. इथे काय होतं? परदेशी शिकून आलेले मोजके दंतवैद्य. बाकी सगळ्यांना बाजारात बसून दात उपटून देणारेच! शिकायचं म्हटलं तर देशात एकही कॉलेज नव्हतं.

मग १९२० साली अहमदांनी स्वतःच कॉलेज सुरू केलं. सरकारी मदतीची वाट पाहिली नाही. पैसा कुठून आणला, हे वाचून मला हसूच आलं. त्यांनी न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचं, गोड सोडा आणि आइस्क्रीमचं दुकान काढलं आणि त्या कमाईवर कॉलेज चालवलं. दातांना जे गोड नडतं, त्याच गोडाने दातांचे डॉक्टर घडवले म्हणायचे!

सुरुवातीला विद्यार्थी फारसे फिरकले नाहीत. आणि हे शिकवणं सोपंही नव्हतं. आपण सहज म्हणतो, दाढेत सिमेंट भरून घेतलं. पण आधी मऊ पडलेला किडका भाग सगळा कोरून काढायचा, चांगल्या भागाला धक्का लावायचा नाही, खड्ड्याला असा आकार द्यायचा की भरलेलं निसटणार नाही, आणि हे सगळं तोंडात लाळ सुटत असताना. थोडी कीड आत राहिली तर वरून दात छान दिसतो आणि आतून पोखरत जातो. हात बसायला वर्षं लागतात. म्हणूनच अहमदांनी १९२८ साली याच विषयावर विद्यार्थ्यांसाठी हाताशी ठेवायचं पुस्तक लिहिलं. त्याआधी १९२५ साली बंगालमध्ये दंतवैद्यांची संघटना आणि एक नियतकालिकही सुरू केलं होतं.

आपल्या मुंबईशीही या कॉलेजचा धागा आहे बरं का. महंमद अली जीनांच्या बहीण फातिमा याच कॉलेजात शिकल्या आणि १९२३ साली त्यांनी मुंबईत दाताचा दवाखाना उघडला. त्या काळात एका बाईने दवाखाना चालवायचा म्हणजे केवढं धाडस! पुढचं त्यांचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, दवाखाना मात्र फार कुणाला माहीत नसतो.

कुणीही उठून दात काढू नये म्हणून कायदा हवा, यासाठी अहमद झटत राहिले. तो कायदा १९४८ साली झाला. नंतरच्या वर्षी त्यांनी कॉलेज सरकारला देऊन टाकलं, अगदी दान! वीस-तीस वर्षं वाढवलेलं लेकरू दुसऱ्याच्या ओटीत घालताना काय वाटलं असेल त्यांना? पुढे १९५० ते १९६२ ते पश्चिम बंगालचे मंत्री होते. १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि ९ फेब्रुवारी १९६५ ला ते गेले. कॉलेजला आज त्यांचंच नाव आहे.

आमच्या तपासणीत ठिपके निघालेल्या मुलांची यादी मी घरी आणली आहे. येत्या रविवारी त्यांच्या आयांना घेऊन दवाखान्यात जायचं ठरलंय.