उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद : माणसे जोडणारा व्यापारी

सोलापूरच्या एका प्रतिष्ठित दिगंबर जैन कुटुंबात दि. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला. सावकारी व कापसाचा व्यापार हा घराण्याचा व्यवसाय. मुंबई व पुणे येथे महाविद्यालयीन शिक्षण घेऊन ते घरच्या पेढीत आले. परंतु त्या चाकोरीत त्यांचे मन रमले नाही.

याच सुमारास लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांचा संबंध आला. फाटक हे रेल्वेतील माजी कारकून. ते ना ज्ञातीचे, ना धनिक. मात्र रेल्वेची कामे व तेथील माणसे त्यांना पुरती ठाऊक होती. वालचंदजींनी त्यांना भागीदार केले. एकाचे भांडवल व दुसऱ्याच्या ओळखी यांतून बार्शी लाइट रेल्वेचे येडशी ते तडवळे हे काम मिळाले. ते चोख झाले आणि पुढील कामांची दारे आपोआप उघडली.

१९१९ साली रेल्वेच्या प्रवासात एका परिचित इंग्रज गृहस्थाकडून, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची ‘लॉयल्टी’ ही आगबोट विकाऊ असल्याचे त्यांना समजले. नरोत्तम मोरारजी आदी स्नेह्यांना सोबत घेऊन त्यांनी ती खरेदी केली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. दि. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

तथापि केवळ ओळखीने सर्व साधत नाही. विलायती कंपन्यांनी भाडे उतरवून सिंदियाची कोंडी केली. १९२३ मध्ये जाचक अटी पत्करून तडजोड करावी लागली. त्या कठीण काळातही कंपनी तगली, कारण जोडलेली माणसे पाठीशी उभी राहिली.

एकट्याचा आवाज सरकार ऐकत नाही, हे जाणून १९२७ मध्ये त्यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे १९३९ साली विमानप्रवासात अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांची गाठ पडली. त्या परिचयातून, म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. दि. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

प्रवासात भेटलेली माणसे आपणा सर्वांनाच आठवतात. वालचंदजी त्या भेटीचा धागा सुटू देत नसत आणि हाती घेतलेले काम चोख करून तो बळकट करीत. आपल्या पारशिवनीसारख्या गावात व्यापार बहुधा ज्ञातीच्या व नात्याच्या ओळखीवर चालतो. ती ओळख मोलाची खरीच. परंतु ज्ञातीबाहेरच्या एका कारकुनाशी केलेल्या भागीदारीपासून या थोर पुरुषाच्या उद्योगाचा आरंभ झाला, हे आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी विसरू नये, एवढीच नम्र विनंती.