क्षितिजावरचं शीड

१८१८ सालच्या अखेरीस पॅरिसमधल्या एका सत्तावीस वर्षांच्या देखण्या तरुणानं डोक्याचा चकोट करून घेतला. घरात कुणी गेलं म्हणून नव्हे. आरशात पाहून बाहेर पडायचा मोहच होऊ नये म्हणून. शहराच्या कडेला त्यानं मोठा स्टुडिओ भाड्यानं घेतला होता. मदतीला एक पोरगेला शिष्य होता आणि समोर जवळजवळ पाच मीटर उंच, सात मीटर रुंद असा कोरा कॅनव्हास. तुमच्या-आमच्या दिवाणखान्यात तो उभासुद्धा राहिला नसता. पुढचे आठ महिने हा तरुण आणि तो कॅनव्हास यांच्यामध्ये तिसरं फारसं कुणी आलं नाही.

त्याचं नाव थेओदोर जेरिको. जन्म १७९१ चा, रुआँ गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणापासून घोड्यांचं वेड. बसायचंही आणि काढायचंही. आई तो सोळा-सतरा वर्षांचा असताना गेली, पण जाताना मुलाच्या नावे एवढी मालमत्ता ठेवून गेली की पोटासाठी चित्र विकायची वेळ त्याच्यावर आली नाही. एकविसाव्या वर्षी, १८१२ च्या सरकारी प्रदर्शनात, उधळलेल्या घोड्यावरच्या स्वाराचं चित्र लावून त्यानं सुवर्णपदक मिळवलं. दोनच वर्षांनी मात्र जखमी होऊन रणातून परतणाऱ्या सैनिकाचं चित्र लावलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. हरलेला सैनिक कुणाला पाहायचा असतो?

मग तो इटलीला गेला. मायकेलअँजेलो पाहायचा होता हे खरंच, पण मागे पॅरिसमध्ये एक प्रकरणही होतं. जेरिकोचं मन जडलं होतं ते सख्ख्या मामाच्या तरुण पत्नीवर. मामीवर! परत आल्यावरही ते सुटलं नाही. १८१८ च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगा झाला आणि सगळं उघडकीला आलं. त्या बाईंना पुढचं आयुष्य गावाकडे काढावं लागलं. मूल त्यांच्यापासून दूर वाढलं. चकोटामागे हेही असावं असं मला वाटतं. तोंड लपवायला मोठं काम हाती घेण्याइतकी चांगली जागा नाही.

ते काम म्हणजे एक ताजं राष्ट्रीय लांच्छन होतं. १८१६ च्या जुलैमध्ये 'मेद्यूज' नावाची फ्रेंच युद्धनौका आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापाशी उथळ वाळूत रुतली. कप्तान होता राजनिष्ठ उमराव. वीसेक वर्षांत त्यानं समुद्रावर धड पाऊल ठेवलं नव्हतं. नेमणूक मिळाली ती वरच्या मर्जीनं. सेवाज्येष्ठतेची यादी आणि वरून आलेली चिठ्ठी यांतला फरक बँकेत नोकरी केलेल्याला समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे फार तर एखादं कर्ज बुडायचं. इथं माणसं बुडाली. होड्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. म्हणून डोलकाठ्या नि फळ्या बांधून तराफा केला, त्यावर १४७ जण चढवले आणि होड्यांनी तो ओढून न्यायचं ठरलं. थोड्याच वेळात दोर सुटले, सोडले गेले. उरलं थोडं पाणी, वाइनची पिंपं आणि भिजलेली बिस्किटं. पहिल्या रात्रीपासून मारामाऱ्या, मग बंड, मग भूक, आणि शेवटी मेलेल्यांचं मांस. तेराव्या दिवशी 'आर्गस' हे जहाज योगायोगानं तिकडून गेलं, तेव्हा पंधरा माणसं जिवंत होती. त्यांतलीही काही लौकरच गेली.

वाचलेल्यांपैकी शल्यवैद्य साविन्यी आणि अभियंता कोरेआर यांनी १८१७ मध्ये सगळी हकीकत छापली. सरकार हादरलं. जेरिको त्या दोघांना भेटला, त्यांच्याकडून तपशील काढून घेतले. तराफा ज्यांनी बांधला त्यांतला सुतारही वाचला होता. त्याच्याकडून छोटी प्रतिकृती करवून घेतली. जवळच्या इस्पितळात जाऊन मरणाऱ्यांचे चेहरे रेखाटले, मृतदेहांचे अवयव स्टुडिओत आणून त्यांच्या कातडीचा रंग कसकसा बदलतो ते पाहिलं. समुद्र आणि आभाळ बघायला ल हाव्र बंदरापर्यंत गेला.

एवढं साहित्य जमलं आणि खरी अडचण सुरू झाली. तेरा दिवसांतला कोणता क्षण काढायचा? कादंबरीकाराला तीनशे पानं मिळतात, चित्रकाराला एकच पान. जेरिकोनं बंड काढून पाहिलं, तलवारी, धक्काबुक्की. त्या कल्लोळात डोळा ठरेना. नरमांसभक्षण काढून पाहिलं. ते पाहवलं नसतं, आणि पाहणारा तिथंच अडकला असता. सुटकेचा प्रसंग काढून पाहिला. पण होडी जवळ आली की गोष्ट संपली. शेवटी त्यानं उचलला तो हकीकतीतला एक लहानसा तुकडा. दूरवर 'आर्गस' दिसतं, माणसं धडपडत उठून हात हलवतात, आणि जहाज नाहीसं होतं. ते परत येतं दोनेक तासांनी. त्यांनी आपल्याला पाहिलं की नाही, हे कळायच्या आधीची ती वेळ.

आता रचना पाहा. डाव्या कोपऱ्यात खाली प्रेतं, आणि मेलेल्या मुलाला मांडीवर धरून बसलेला एक म्हातारा. त्यानं जहाजाकडे पाठ केली आहे. त्याला आता कुठलं जहाज नको. तिथून नजर तिरकी वर चढू लागते. आडवा पडलेला माणूस, कोपरावर उठू पाहणारा, गुडघ्यावर आलेला, हात लांबवणारा, आणि अगदी वर उजवीकडे पिंपावर चढून कापड फडकावणारा काळा माणूस. माणसांचाच एक डोंगर. त्याच्या शेजारी डोलकाठी आणि तिला ताणून धरणारे दोर यांचा दुसरा डोंगर. पण त्यावरचं शीड वाऱ्यानं फुगलंय ते उलट्या बाजूला! माणसं उजवीकडे झेपावताहेत आणि वारा तराफ्याला डावीकडे ओढतोय, जिथं एक प्रचंड लाट उभी आहे. सगळी ओढाताण या दोन दिशांत आहे. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते जहाज? आधीच्या रेखाटनांत ते चांगलं मोठं होतं. जेरिको एकेक रेखाटन करत गेला तसतसं ते लहान झालं. अखेरच्या चित्रात क्षितिजावर चिमटीएवढं शीड उरलं आहे. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर ते शोधावं लागतं, आणि शोधू लागलो की आपणही तराफ्यावरच असतो.

शिखरावर त्यानं काळ्या माणसाला बसवलं, हीसुद्धा रचनाच. फ्रान्सच्या वसाहतींत १८०२ पासून गुलामगिरी पुन्हा कायदेशीर होती, ती १८४८ पर्यंत टिकली. त्या काळात सर्वांत उंच जागा झोसेफ नावाच्या एका काळ्या मॉडेलला मिळाली. साविन्यी आणि कोरेआर स्वतः डोलकाठीपाशी उभे राहिले, आणि पुढं पालथ्या पडलेल्या देहासाठी तरुण दलाक्रवा आडवा झाला. तेरा दिवस उपाशी माणसं एवढी पिळदार कशी, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. मला तो पटत नाही. हाडांचे सापळे काढले असते तर नुसती कीव आली असती, आणि तो डोंगर उभाच राहिला नसता.

१८१९ च्या प्रदर्शनात चित्र लागलं ते 'जहाजबुडीचं दृश्य' अशा मोघम नावानं. 'मेद्यूज'चं नाव घ्यायची सोय नव्हती, पण ओळखलं सगळ्यांनी. आधी ते फार उंचावर टांगलं होतं. पुढं खाली आणलं. सरकारनं पदक दिलं, चित्र घेतलं नाही. जेरिको खचला, गुंडाळी करून ते एका मित्राकडे ठेवलं. १८२० मध्ये लंडनला पिकाडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये तिकीट लावून ते मांडलं, जमिनीलगत, तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांनी पाहिलं आणि चित्रकाराच्या वाट्याला जवळपास वीस हजार फ्रँक आले. पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये मात्र त्याच जहाजबुडीचा, बँडच्या तालावर सरकणारा पडदा शेजारी आला आणि लोक तिकडे गेले. करमणुकीपुढं कला हरायला टीव्हीच लागतो असं नाही.

नंतरची वर्षं झपाट्यानं उतरणीची. मनोरुग्णांची काही चित्रं काढली, ती विलक्षण आहेत. गुंतवणुकीत पैसा गेला. घोड्यावरून पडणं, ते दुखणं अंगावर काढून पुन्हा घोड्यावर बसणं, असं चालू राहिलं. पाठीच्या कण्याला रोग लागला. २६ जानेवारी १८२४ रोजी बत्तिसाव्या वर्षी तो गेला. म्हातारे वडील मागे राहिले. त्याच वर्षी चित्रांचा लिलाव झाला. दद्रो-दोर्सी या मित्रानं तराफ्याचं चित्र घेऊन ठेवलं, आणि सुमारे सहा हजार फ्रँकना ते अखेर लूव्र संग्रहालयात गेलं. जेरिकोनं काळोख गडद व्हावा म्हणून डांबरासारखा रंग वापरला होता. तो पुरता वाळत नाही. वर्षानुवर्षं काळवंडत जातो, भेगाळतो. सावलीतले काही तपशील कायमचे गेले आहेत. शीड अजून दिसतं.