इंदुप्रकाशाचे विद्यार्थी-संपादक : न्यायमूर्ती रानडे

शतकपूर्तीच्या या ग्रंथासाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना झाली तेव्हा माझ्या मनात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचेच नाव आले. त्याला निमित्त आहेत ती संध्याकाळी वाचनालयाच्या लांब टेबलाशी बसणारी आपल्या दुबलगुंडीची कॉलेजातील मुले. घरी मराठी, शाळेत कानडी आणि बाजारात दखनी बोलणारी ही मुले इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून हुंडा, पाणीटंचाई, बालविवाह अशा विषयांवर वहीत चार-सहा पाने लिहितात आणि तपासून द्या म्हणून माझ्यापुढे ठेवतात. मी मराठीचा अध्यापक. काळ-वचनांच्या चुका दाखवितो आणि वही परत करतो. परंतु अशा सरावातून किती मोठे कार्य उभे राहू शकते, आणि तो सराव अंगावर केव्हा येतो, हे माधवरावांच्या चरित्रात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव सरकारी नोकरीत होते. बालपण कोल्हापुरात गेले. मूल अबोल आणि दिसावयास मंद. हा मुलगा पुढे काही करील असे घरच्यांनाही वाटत नसे. १८५६ च्या सुमारास ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये शिकावयास गेले आणि तेथे त्यांच्या वाचनाला सीमा राहिली नाही. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली, तीत ते उत्तीर्ण झाले; १८६२ साली पहिल्या चार बी. ए. पदवीधरांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्यासह त्यांचे नाव आले. १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एल्एल. बी. झाले. अतिवाचनाने या काळात डोळे बिघडले ते कायमचे. पदव्यांची ही यादी सर्वांनाच ठाऊक आहे. तिच्यापेक्षा तिच्या आडोशाला चाललेले लेखन मला अधिक महत्त्वाचे वाटते.

विद्यार्थिदशेत त्यांनी एका इंग्रजी निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची तुलना इंग्रजांच्या कारभाराशी केली आणि तीत मराठ्यांना झुकते माप दिले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान आणि शिष्यांवर लोभ करणारे गृहस्थ. तरीही ज्या सरकारच्या पैशाने शिकतो त्यालाच हा विद्यार्थी नावे ठेवतो, हे त्यांना रुचले नाही. सहा महिने शिष्यवृत्ती बंद झाली, असे चरित्रकार सांगतात. आपण शिकतो ती भाषा नुसती गिरवण्यासाठी नाही, तीत मत मांडले तर त्याची किंमत द्यावी लागते, हा धडा विद्यार्थ्याला इतक्या लवकर मिळाला.

१८६२ साली मुंबईत इंदुप्रकाश हे मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे साप्ताहिक सुरू झाले. मराठी बाजू विष्णुशास्त्री पंडित पाहत. इंग्रजी बाजू विशीतल्या रानड्यांकडे आली. एम. ए. व्हावयाचे होते, कायद्याचा अभ्यास राहिला होता, आणि हा तरुण आठवड्यामागून आठवडा समाजाच्या दैनंदिन प्रश्नांवर इंग्रजीत लिहीत होता. विधवांच्या विवाहाला १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. पण कायदा कागदावर आणि केशवपन घरोघर, अशी स्थिती होती. गंमत अशी, की ज्या स्त्रियांविषयी हे लिहिले जात होते त्यांच्यापैकी एकीलाही ते इंग्रजी स्तंभ वाचता येणे शक्य नव्हते. ते वाचीत ते साहेबलोक आणि शिकलेले पुरुष. घराघरात पोचावयाचे ते विष्णुशास्त्र्यांचे मराठी.

त्यानंतरच्या नोकऱ्यांचा धावता उल्लेख पुरे. सरकारी मराठी भाषांतरकार, आपल्या भागापासून फार दूर नसलेल्या अक्कलकोट संस्थानात अल्पकाळ कारभारी, कोल्हापुरास न्यायाधीश, आणि मग एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक. ज्या संस्थेत शिष्यवृत्ती बंद झाली तेथेच ते इंग्रजी शिकवू लागले. १८६५ साली विधवाविवाहोत्तेजक मंडळ स्थापन झाले होते. १८६९ साली मुंबईत वेणूबाई या विधवेचा पांडुरंग करमरकरांशी विवाह झाला, तेव्हा शंकराचार्यांनी पुढाकार घेणाऱ्यांवर बहिष्कार घातला. त्यांत रानडेही होते. येथवर लेखणी आणि वर्तन एका रेषेत चालले.

१८७१ साली ते न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले. १८७३ साली पत्नी वारली. माधवराव एकतीस वर्षांचे. मुलगा आता एखाद्या विधवेशी विवाह करील या धास्तीने वडिलांनी घाईने स्थळ पाहिले. माधवरावांनी आर्जवे केली, मुदत मागितली. वडील ढळले नाहीत, आणि अखेर त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी त्यांचे लग्न झाले. दहा वर्षांहून अधिक काळ ज्याने विधवांची बाजू मांडली त्याने कुमारिकेशी, तीही एवढ्याशा मुलीशी, लग्न करावे, याबद्दल त्यांना सुधारकांनी क्षमा केली नाही आणि सनातन्यांनी टिंगल केली. विष्णुशास्त्री पंडितांनी मात्र पत्नीच्या निधनानंतर विधवेशीच विवाह केला. एकाच पत्राच्या दोन बाजूंचे हे दोन संपादक. मी रानड्यांचा भक्त आहे, तरीही पितृभक्तीचे कारण पुढे करून हा प्रसंग झाकावा असे मला वाटत नाही. ती त्यांची हार होती, आणि ती त्यांनाही तशीच वाटली असली पाहिजे.

कारण त्यानंतर त्यांनी जे केले ते पाहावे. लग्न होऊन घरी आलेल्या त्या निरक्षर मुलीला त्यांनी लगेच मुळाक्षरे शिकवावयास घेतली. मराठी आले, मग इंग्रजी. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे अजिबात खपले नाही. दिवसभर टोमणे आणि रात्री पुस्तक, अशी ती वर्षे रमाबाईंनी काढली; त्यांचे वर्णन त्यांनी स्वतः १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत केले आहे, आणि ते पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. पुढे पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे म्हणून गव्हर्नरांपुढे सभा भरली, तेव्हा इंग्रजी निवेदन वाचून दाखविले ते रमाबाईंनी. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांना जे ऐकावे लागले ते वेगळेच. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. इंदुप्रकाशाचे इंग्रजी स्तंभ जिच्यापर्यंत पोचत नव्हते, त्या घरातल्या बाईच्या तोंडी ती भाषा आली, ती अशी.

इंग्रजीवर एवढे प्रभुत्व असलेल्या या माणसाने मराठीचा हात सोडला नाही. १८७८ साली लोकहितवादींच्या बरोबरीने त्यांनी पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन बोलावले; आजच्या साहित्य संमेलनांची परंपरा तेथून मोजतात. मुंबई विद्यापीठाने देशी भाषांना उच्च परीक्षांतून दूर केले होते. त्या परत याव्यात म्हणून ते अखेरच्या वर्षांपर्यंत झटत राहिले, आणि १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीवर त्यांनी जी टिपणी सादर केली ती अर्थातच इंग्रजीत. ज्यांना पटवावयाचे ते इंग्रजीच वाचीत होते! मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद त्यांना १८९३ साली मिळाले होते. १९०० साली मराठ्यांच्या उदयावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. विद्यार्थिदशेतील त्या निबंधाचा विषय चाळीस वर्षांनी पुरा झाला.

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास विद्यापीठाने एम. ए.च्या परीक्षेत मराठीला जागा दिली. ज्या पदवीच्या जोरावर मी या टेबलाशी बसून मुलांच्या इंग्रजी वह्या तपासतो, ती मराठीतली आहे.