माणूस वाया घालवू नये : लक्ष्मणराव किर्लोस्कर

हल्ली कोणत्याही कारखान्यात गेले की ‘लीन’ हा शब्द कानावर पडतो. जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी ही पद्धत घडवली. जादा उत्पादन, जादा साठा, वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, विनाकारण हालचाल, गरजेपेक्षा जास्त प्रक्रिया आणि सदोष माल असे अपव्ययाचे सात प्रकार त्यांनी सांगितले. माणसाची बुद्धी न वापरणे हा आठवा प्रकार पुढे इतरांनी जोडला. हा आठवा अपव्यय टाळणारा एक मराठी कारखानदार त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंगांधळेपणामुळे तो मार्ग बंद झाला. मग ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि आज व्हीजेटीआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत तोच विषय शिकवू लागले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर त्यांनी सायकलींचे दुकान चालवले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवायला सुरुवात केली. लोखंडामुळे जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे नांगर पडून राहिले. गिऱ्हाइकाने उचलला नाही तर चांगला मालही कारखान्याला ओझेच होतो, हे इथे प्रत्यक्ष दिसले. लक्ष्मणरावांनी चिकाटी सोडली नाही. पुढे हाच नांगर महाराष्ट्राच्या शेतात रुजला.

नगरपालिकेने बेळगावची जागा सोडायला लावली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. १९१० साली निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या जागी वसाहत उभी राहिली. पुणे–मिरज मार्गावरचे किर्लोस्करवाडी स्टेशन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल, ते हेच. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि दगडी कोळसा मिळेनासा झाला, तेव्हा लोणारी कोळशावर भट्टी चालवली. कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून त्यांचे नांगर केले, असेही सांगतात.

पण खरी काटकसर माणसांच्या बाबतीत होती. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर इथे कल्पक इंजिनिअर झाले. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांना लक्ष्मणरावांनी वाडीचे पहारेकरी नेमले. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. ज्याला जगाने मोडीत काढले, त्याच्या हाताला जमेल ते काम शोधून द्यायचे, ही त्यांची रीत होती. स्वतः दोनदा नाकारले गेल्यामुळे त्यांना हे कळले असावे.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली आणि १९२६ साली सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने टपाल तिकीट काढले.

कारखान्यातल्या भंगाराचे वजन होते, लिलावही होतो. मात्र एखाद्या हेल्परला सुचलेली आणि कुणी न विचारल्याने मनातच राहिलेली युक्ती कोणत्याही रजिस्टरमध्ये येत नाही. सहकारी बंधूंनो, बचतीची सुरुवात तिथून करायला पैसाही लागत नाही.