कँडीला गेलेला सांकवाळकर

गोवा आणि संत हे दोन शब्द एकत्र उच्चारले की बहुतेकांना फ्रान्सिस झेवियर आठवतो. जुन्या गोव्यातली ती चांदीची पेटी, दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन, लांबच लांब रांगा. तो स्पेनमधल्या नवारचा. बाहेरून गोव्यात आला आणि गोव्याचा झाला. दुसरा एक संत मात्र गोव्यातच जन्मला, गोव्यातून बाहेर गेला आणि परतला नाही. त्याचे नाव जोसेफ वाझ. श्रीलंकेत कँडी येथे त्याला पुरले, पण नेमके कुठे ते आज कोणालाच दाखवता येत नाही.

मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही. उमेदीची वर्षे बँकेच्या खुर्चीत गेली, उरलेला वेळ कादंबऱ्यांनी खाल्ला. पण या दोन्ही उद्योगांनी मला एक खोड लावली. समोरचा माणूस कोणत्या वहीत नोंदला गेला आहे, आणि त्याला स्वतःला कोणत्या वहीत असावेसे वाटते, हे मी पाहू लागतो. वाझच्या चरित्राने मला धरून ठेवले ते त्याच्या चमत्कारांमुळे नव्हे. ज्याला कोणत्याही वहीत जागा नव्हती अशा माणसाने स्वतःची वही कशी उघडली, हे त्या चरित्रात दिसते म्हणून.

जन्म २१ एप्रिल १६५१ चा, साष्टीतल्या बाणावलीचा. बाणावली हे आजोळ. वडील क्रिस्तोव्हांव सांकवाळचे, आई मारिया मिरांदा. घराणे बाटलेल्या सारस्वत ब्राह्मणांचे, खाऊनपिऊन सुखी. सहा भावंडांतला हा तिसरा. पोर्तुगीज सांकवाळला शिकला, लॅटिन बाणावलीला. मग जेझुइटांच्या सेंट पॉल कॉलेजात आणि नंतर डोमिनिकनांच्या विद्यापीठात शिक्षण पुरे करून १६७६ मध्ये धर्मगुरू झाला. दीक्षा मिळाल्यावर त्याने पायातल्या वहाणा काढल्या. गोव्यातला गरीब माणूस अनवाणी चालतो, मग त्याच्या धर्मगुरूने का चालू नये, असा साधा हिशेब.

इथवर सगळे सुरळीत वाटते. पण त्या काळातल्या गोव्यात धर्मगुरू होणे वेगळे आणि संघात प्रवेश मिळणे वेगळे. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन, जेझुइट हे मोठे संघ. त्यांचे सभासद दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते जाहीरपणे घेत, मठात एकत्र राहत. मान त्यांना, सत्ताही त्यांचीच. साष्टीतल्या इगर्ज्या जेझुइटांकडे, बार्देशातल्या फ्रान्सिस्कनांकडे. गोमंतकीय मुलगा या संघांच्या कॉलेजात लॅटिनमध्ये पहिला येऊ शकत असे, पण त्यांच्या मठाचे दार त्याला बंद होते. कारण एकच, कातडीचे आणि जन्मभूमीचे. त्याने साधा धर्मगुरू व्हावे आणि गोऱ्या पाद्रीच्या हाताखाली राबावे. कारकुनीतून अधिकारी होण्याची परीक्षाच ज्याच्यासाठी ठेवलेली नाही, अशा नोकरीची कल्पना करा.

काहींनी याविरुद्ध उघड झुंज दिली. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो थेट रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आले. पोर्तुगीजांनी त्यांना मानले नाही, तेव्हा त्यांनी विजापूरकरांच्या मुलखात, डिचोलीला, बस्तान मांडले आणि आयुष्यभर भांडले. वाझचा पिंड भांडणाचा नव्हता. १६७७ च्या ५ ऑगस्टला त्याने सांकवाळच्या इगर्जीत बसून एक दस्तऐवज लिहिला. त्यात त्याने स्वतःला मरियामातेचा कायमचा गुलाम म्हणून लिहून दिले. कर्जरोखे मी पुष्कळ वाचले आहेत. मुदत नाही, परतफेड नाही आणि मोबदलाही नाही असा रोखा मात्र हा एकच. त्या गोव्याच्या बाजारात माणसे खरोखर विकली जात होती हे लक्षात घेतले, म्हणजे गुलाम हा शब्द त्याने शोभेसाठी निवडला नव्हता हे कळते. सांकवाळच्या त्या जुन्या इगर्जीची आता फक्त दर्शनी भिंत उभी आहे.

१६८१ मध्ये त्याला कानड्यात पाठवले, केळदीच्या राणी चेन्नम्माच्या मुलखात. मंगळूर, बसरूर, गंगोळी, होन्नावर या पट्ट्यात गोव्यातून गेलेली ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली होती. तिथे वेगळेच त्रांगडे होते. पोर्तुगालचा राजा म्हणे, पूर्वेकडचे धर्मगुरू नेमण्याचा हक्क माझा. रोमने परस्पर आपला बिशप नेमला होता. तो मातेउशचा पुतण्या थॉमस द कास्त्रो. दोन साहेब, एक शाखा आणि गोंधळलेले खातेदार. एकाने लावलेले लग्न दुसरा मानत नसे. वाझ गोव्याच्या बाजूने गेलेला, पण त्याने बिशपचे कागद पाहिले, दोघांना झेपेल अशी वाट काढली आणि उरलेला वेळ खेडोपाडी पायी हिंडण्यात घालवला.

तो कानड्यात असतानाच, १६८३ च्या अखेरीस, संभाजीराजांच्या फौजा गोव्यावर आल्या. जुवे बेट पडले, साष्टी-बार्देशात मराठे शिरले. विजरई इतका घाबरला की त्याने झेवियरच्या शवपेटीपुढे आपला राजदंड ठेवला. मोगलांची फौज चालून आल्याने मराठे मागे फिरले आणि गोवा वाचला. सुटकेचा निःश्वास टाकून विजरईने पहिल्या काही कामांत केलेले एक काम म्हणजे २७ जून १६८४ चे फर्मान: तीन वर्षांत सर्वांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. वाझ गोव्यात परतला तो याच वर्षी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जुन्या गोव्यात एका टेकडीवर चमत्कारी क्रुसाची इगर्जी होती. पास्कोआल द कॉस्ता जेरेमियास आणि आणखी काही गोमंतकीय धर्मगुरू तिथे एकत्र राहू लागले होते. संघात घेत नाहीत, तर आपण आपले एकत्र राहू, असा विचार. २५ सप्टेंबर १६८५ रोजी वाझ त्यांना मिळाला आणि लगेच त्यांचा प्रमुख निवडला गेला. पण नुसते एकत्र राहणे म्हणजे खानावळ. तिला नियम हवा. तो त्यांनी आणला फिलिप नेरीचा.

हा नेरी सोळाव्या शतकातला, रोममधला. हसरा, विनोदी, लोकांत मिसळणारा. त्याच्या खोलीत तरुण जमत, प्रार्थना करत, गात, बोलत. त्या प्रार्थनेच्या जागेवरून नाव पडले ऑरेटरी. पोपने तिला १५७५ मध्ये मान्यता दिली. या मंडळींचे वैशिष्ट्य असे की ते संघासारखे राहतात, पण व्रते घेत नाहीत. शपथ नाही. जो तो आपला खर्च आपण सोसतो. प्रमुख सभासदच निवडतात. प्रत्येक घर स्वतंत्र, वर कोणी सेनापती नाही. ज्याला जायचे त्याने जावे, दार उघडे आहे. बांधून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे एकमेकांवरील प्रेम. मला हा प्रकार पहिल्यांदा वाचताना कच्चा वाटला. नियमपुस्तिका जाडजूड असल्याशिवाय संस्था चालते यावर बँकवाल्याचा विश्वास बसत नाही. पण विचार केल्यावर गोव्याच्या त्या धर्मगुरूंची चतुराई ध्यानात आली. व्रताच्या दारावर पहारा होता. त्यांनी व्रतच न मागणारे घर निवडले.

त्यात एक गंमत आहे. नेरीला झेवियरसारखे हिंदुस्थानात जायचे होते. एका वृद्ध साधूने त्याला समजावले की तुझा हिंदुस्थान रोममध्येच आहे, आणि तो रोम सोडून गेला नाही. शंभरावर वर्षांनी त्याचा नियम मात्र गोव्यात पोचला, आणि गोव्याच्या वाझने तो होडीत घालून आणखी पुढे नेला.

सिलोनचा किनारा तेव्हा वलंदेजांच्या ताब्यात होता. १६५६ ला कोलंबो, १६५८ ला जाफना त्यांनी पोर्तुगीजांकडून घेतले. ते कॅल्व्हिनपंथी, कॅथलिक पाद्रीला बंदी आणि त्याला थारा देणाऱ्याला देहदंडापर्यंतची शिक्षा. तीस वर्षे तिथल्या कॅथलिकांनी धर्मगुरूचे तोंड पाहिले नव्हते. गोऱ्या पाद्रीला लपायला जागाच नव्हती. जी कातडी गोव्यात आड आली, तीच इथे उपयोगाची ठरली. नुकताच प्रमुख झालेला वाझ ते पद सोडून १६८६ मध्ये निघाला. बरोबर जुआंव नावाचा तरुण गडी. तुतिकोरीनला तामीळ शिकला, भिकाऱ्याचे कपडे चढवले आणि वादळात भरकटत १६८७ मध्ये जाफन्याला लागला. उतरला तोच हगवणीने आडवा झाला. रस्त्याकडेला पडलेल्या त्या दोघांना एका बाईने रोज पेज आणून दिली म्हणून ते जगले.

बरे वाटल्यावर त्याने गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागला. भीक घालताना कोणाची नजर त्या माळेवर थबकते, हे तो पाहत होता. काही दिवसांनी एक घर सापडले, मग दुसरे, मग सिलालै हे अख्खे गाव. रात्री मिस्सा, पहाटेपूर्वी पसार. १६८९ च्या नाताळच्या रात्री वलंदेज शिपायांनी जमलेल्या लोकांवर झडप घातली. वाझ निसटला; ज्यांनी त्याला लपवले त्यांपैकी काहींनी तुरुंग भोगला. चरित्रकार हे प्रसंग संताच्या सुटकेचे म्हणून रंगवतात. माझे लक्ष त्या तुरुंगात गेलेल्यांकडेच जाते.

पुत्तलममार्गे तो डोंगरातल्या कँडीच्या राज्याकडे वळला. १६९२ मध्ये तिथे पोचताच दरबारातल्या एका फ्रेंच प्रॉटेस्टंटाने तो पोर्तुगीजांचा हेर असल्याची वर्दी दिली. नजरकैद झाली. वाझने त्या सक्तीच्या सवडीत सिंहली शिकून घेतली. राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्ध. हळूहळू त्याची खात्री पटली की हा माणूस कोणाचाच हेर नाही. अवर्षणात वाझने प्रार्थना केली, पाऊस कोसळला आणि तो व त्याची वेदी तेवढी कोरडी राहिली, अशी आख्यायिका आहे. ज्यांना ती मानायची त्यांनी मानावी. मला १६९७ ची देवीची साथ महत्त्वाची वाटते. राजासकट ज्याला पळता आले तो नगरातून पळाला. रोगी रानात टाकून दिले गेले. वाझ आणि मदतीला आलेला त्याचा भाचा जोसेफ कार्व्हालो यांनी त्यांच्यासाठी झोपड्या उभारल्या, फोड धुतले, खाऊ घातले, मेलेल्यांना पुरले. बौद्ध कोण आणि ख्रिस्ती कोण हे त्या झोपड्यांत कोणी विचारले नाही. पुढे कॅथलिकांना ख्रिस्ती वलंदेजांपासून आसरा दिला तो या बौद्ध राज्याने, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत ठळक छापायला हवी.

गोव्याच्या ऑरेटरीतून एकामागून एक धर्मगुरू येत राहिले. १७०५ च्या सुमारास पोपच्या प्रतिनिधीने वाझला बिशपच्या तोलाचा अधिकार देऊ केला. त्याने तो नाकारला. नाकारण्यात नम्रता होतीच, पण मला त्यात कानड्यातला अनुभवही दिसतो. दोन साहेबांच्या ओढाताणीत खातेदाराचे काय होते, हे त्याने पाहिले होते. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत तो वारला. साठ वर्षे पुरी व्हायला तीन महिने उरले होते.

मरणोत्तर मान्यता सावकाश चालत आली. १९९५ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्याला धन्य घोषित केले. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याच शहरात संतपद दिले, तेही दुसऱ्या चमत्काराची अट माफ करून.

आता एक बोचणारी गोष्ट. गोऱ्यांच्या मठात जागा नाही म्हणून उघडलेल्या या घरात प्रवेश मिळे तो ब्राह्मण घराण्यातल्या ख्रिस्त्यांना. चार्डो जातीच्या, म्हणजे बाटलेल्या क्षत्रियांच्या मुलांना तिथे जागा नव्हती. मग त्यांनी कार्मेलाइटांच्या तिसऱ्या संघाकडे आपली वाट शोधली. शूद्रांचे तर नावच नको. एका भेदाने पोळलेली माणसे दुसरा भेद इतक्या सहज अंगावर बाळगतात, याचे नवल आपल्याकडे वाटायला नको, पण मला वाटते. स्वतः वाझने भिकाऱ्याचा वेष घेऊन कोणाच्याही हातची पेज खाल्ली. त्याच्या संस्थेला ती रुचली नाही.

तरी त्या घराने माणसे तयार केली हेही खरे. दिवाडीचा जाकोम गोन्साल्व्हिश १७०५ मध्ये सिलोनला गेला आणि १७४२ मध्ये तिथेच वारला. त्याने सिंहली आणि तामीळमध्ये इतके लिहिले की सिंहली कॅथलिक वाङ्मयाचा आरंभ त्याच्यापासून मानतात. कोंकणी बोलू नका असे फर्मान निघालेल्या गोव्यातला हा मुलगा.

१८३४ मध्ये लिस्बनच्या सरकारने सगळे धार्मिक संघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी गोव्यात अंमलबजावणी झाली. ऑरेटरीच्या मंडळींनी व्रते घेतली नव्हती, काटेकोर बोलायचे तर ते संघ नव्हतेच. पण यादी करणाऱ्या कारकुनाने त्यांचेही नाव घातले आणि दीडशे वर्षे चाललेले घर बंद झाले. टेकडीवरच्या इगर्जीची पडझड झाली. तिथला तो मोठा लाकडी क्रूस १८४५ मध्ये खाली उतरवून से कॅथेड्रलमध्ये नेला, आणि अजून तो तिथे आहे.