मुक्कामाला आलेल्यांचे भय

१९८५च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी बँकेत होतो. एका रात्री आमच्या शाखेतला कॅशियर, शिपाई आणि मी असे तिघे शेवटच्या खेळाला ‘पुराना मंदिर’ पाहायला गेलो. थिएटर कसले, पत्र्याची शेडच ती. परतताना आम्ही तिघेही जरा जास्तच मोठ्याने बोलत होतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्या सिनेमाला नावे ठेवण्यात मीच पुढे होतो. पुढे स्वतः कादंबऱ्या लिहू लागल्यावर या दुटप्पीपणाची लाज वाटू लागली. हे चित्रपट ज्या घरातून आले, त्या घरातल्या कर्त्या पुरुषाची हकिगत म्हणूनच आज सांगावीशी वाटते.

फतेहचंद उत्तमचंद रामसिंघानी हे कराचीचे सिंधी व्यापारी. धंदा रेडिओविक्रीचा. गोऱ्या गिऱ्हाइकांना एवढे लांबलचक आडनाव उच्चारता येईना, तेव्हा त्याचे ‘रामसे’ झाले आणि तेच पुढे कायम राहिले. १९४७ साली फाळणी झाली. राहते गाव सोडून कुटुंब मुंबईला आले आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा रेडिओचे दुकान थाटले गेले. घरात सात मुलगे.

दुकान सांभाळता सांभाळता रामसे चित्रपटनिर्मितीत शिरले. १९५४ साली भगतसिंगांवर चित्रपट काढला. त्यानंतर १९६३चा ‘रुस्तम सोहराब’. त्याचे दिग्दर्शक होते आपले विश्राम बेडेकर! ‘रणांगण’मध्ये महायुद्धाच्या छायेत बोटीवरून निघालेल्या प्रवाशांची कथा सांगणारा हा लेखक रामसेंच्या १९७०च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या चित्रपटाचाही दिग्दर्शक होता. हा चित्रपट मात्र पडला आणि रामसेंचे मन या धंद्यातून उठले.

इथे मुले पुढे आली. चित्रपट पडला असला, तरी त्यातल्या एका प्रसंगाला प्रेक्षक जागच्या जागी खिळतात, हे तुलसी आणि श्याम यांनी थिएटरात बसून पाहिले होते. भयानक मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरीसाठी शिरतात, तो हा प्रसंग. मग अख्खा चित्रपटच भीतीचा का काढू नये? आधीच हात पोळलेल्या बापाला हे पटवणे सोपे नव्हते. पण अखेर त्यांनी होकार दिला. काश्मीरमध्ये हाऊसबोटीवर मुक्काम ठोकून मुलांनी छायाचित्रणावरचे एक इंग्रजी पाठ्यपुस्तक घोकले आणि कामे वाटून घेतली. कुमारने लेखन, गंगूने कॅमेरा, किरणने ध्वनी, अर्जुनने संकलन, केशूने निर्मितीची बाजू, तर तुलसी-श्यामने दिग्दर्शन. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात उतरून सुमारे चाळीस दिवसांत तो चित्रित झाला. घरच्या बायकांनी स्वयंपाक सांभाळला. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला, असे कुटुंबीय पुढे सांगत. चित्रपट चालला आणि घराला धंदा सापडला.

कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमर गेली, म्हणून या हिशेबाचे मला विशेष कौतुक वाटते. मोठे नट नाहीत, मोठे सेट नाहीत, पगार घरातल्या घरात. मग कथा तरी कुठली परवडणार? आडवाटेला बंद पडलेली मोटार, चार तरुण पाहुणे, एक जुनी वास्तू, रात्र आणि पाऊस. ‘गेस्ट हाऊस’ (१९८०), ‘हॉटेल’ (१९८१), ‘डाक बंगला’ (१९८७) ही नुसती नावेच पाहा. सगळी मुक्कामाची ठिकाणे! ‘पुराना मंदिर’मधली जोडपीही शहर सोडून विजापूरकडच्या हवेलीवर जातात आणि तिथे सामरी त्यांची वाट पाहत असतो.

पण केवळ काटकसरीने लोक तिकीट काढत नाहीत. हे चित्रपट लहान गावांत चालले. तिथल्या माणसाला बदली, नोकरी, लग्न यांसाठी अनोळखी घरात उतरण्याचा अनुभव होता. खोली मिळाली तरी पहिली रात्र झोपेविना जाते. कडी नीट लागते ना, हे आपण दोनदा पाहतो. आधी इथे कोण राहून गेले, हे कुणी सांगत नाही. ही भीती पडद्यावर राक्षसाचे रूप घेऊन आली, की निदान तिला तोंड देता येते, आणि पहाटे ती संपतेही.

यात आणखी एक गोष्ट मला दिसते. ती माझी समजूत आहे, रामसेंनी तसे म्हटल्याचा दाखला नाही. ज्या माणसाचे घरच एका वर्षात परक्या देशात गेले, त्याच्या कुटुंबाने वीस वर्षे अशा घरांच्या गोष्टी सांगितल्या, ज्यांत जुना मालक जागा सोडायला तयार नाही आणि नवा पाहुणा सुखाने झोपू शकत नाही. निर्वासिताला या दोन्ही बाजू ठाऊक असतात.

फतेहचंद रामसे १९८९ साली वारले. मुलांनी १९९३पासून ‘झी हॉरर शो’मधून तीच भीती घराघरांत पोहोचवली. समीक्षकांनी त्यांना बराच काळ पंगतीला घेतले नाही. मीही त्यातलाच एक होतो. त्या रात्री खोलीवर पोहोचल्यावर मी दिवा न मालवता झोपलो होतो, एवढे कबूल करायला मला चाळीस वर्षे लागली.